ओडी

तिचं नाव थोकोझानी.
पहिल्या दिवशी मी ते तीनदा चुकले.
चौथ्यांदा तीच म्हणाली, थोको म्हणा.
संध्याकाळपर्यंत आमच्या रामबागेत तिची
ठोकताई झाली.

मलावी कुठं, ते भाच्यानं मोबाइलवर दाखवलं:
एक लांबच लांब तळं
आणि त्याच्या कडेला चिकटलेला देश.
तिथून ही आली, वर्षभरासाठी,
बाणगंगेच्या पलीकडच्या शाळेत
पोरांना गणित शिकवायला, फुकट.
'फुकट' या शब्दानं आमच्या ह्यांची झोप उडाली.
काहीतरी सुटत असेल हो तिला, म्हणाले,
नाहीतर इंदूरच्या उन्हात कोण येतं?
ती मात्र एक तारखेला भाडं पाकिटात घालून ठेवी,
पाकिटावर बेरीज लिहून, खाली दोन रेघा ओढून.

बेल होती. ती वाजवायची नाही.
दुसऱ्याच सकाळी दारात उभी राहून म्हणाली, ओडी.
मी धावत आत गेले
आणि माझी जुनी हिरवी ओढणी आणून दिली.
हसता हसता ती पायरीवरच बसली.
मग हातवाऱ्यांनी समजावलं:
आमच्याकडे दार ठोकत नाहीत,
बाहेरून म्हणायचं ओडी,
आतल्यानं म्हणायचं ओडिनी,
मगच उंबरा.
ओढणी तिनं परत दिली नाही.

कचऱ्याची गाडी सकाळी गाणं वाजवत आली
तेव्हा तिला वाटलं, वरात.
नवा झगा घालून खाली उतरली.
मी तिच्या हातात ओल्या कचऱ्याची बादली दिली.

पोह्यांवर शेव, भाजीवर शेव,
आठवड्यानं तिनं गंभीरपणे विचारलं,
चहात का नाही?
भुट्ट्याचा कीस चाखून गप्प बसली.
मक्यात दूध, हे काही तिला पटेना.
रविवारी माझं पातेलं मागितलं,
पांढऱ्या मक्याचं पीठ घोटलं, घोटलं,
खांद्यापासून जोर लावून,
आणि गोळा माझ्या ताटात टाकला.
मी म्हटलं, अगं, ही तर उकड!
तिखट कुठाय?
तेव्हा तिचं तोंड जरा उतरलं.
ते मी अजून विसरले नाही.

टेबल पुसताना तिची वही उघडी राहिली.
एका पानावर नुसत्या रेघा, पाच-पाचाचे गठ्ठे.
विचारलं तर म्हणाली, फोटो.
रस्त्यात थांबवून किती जणांनी मागितले ते.
केसांना हात लावणारे वेगळ्या पानावर.
एकशे बारावर मोजणं थांबवलं होतं.
संपलं म्हणून नाही. कंटाळा आला.

मी वर्ध्याहून आले त्याला अडतीस वर्षं झाली.
भाजीवाल्याशी हिंदी बोलताना
मागची बाई फिस्सकन हसली होती,
तिची नथसुद्धा आठवते.
मला मोजायचं सुचलं नव्हतं, एवढंच.

दिवाळी झाली आणि ठोकताईला डेंग्यू.
चार दिवस डाळिंबाचा रस, भाताची पेज,
आणि मलावीहून आईचा फोन,
जिला मी फक्त 'ओके, ओके' म्हणू शकत होते.
पाचव्या दिवशी मी कणीक तिंबत होते,
तेवढ्यात फाटकाशी एकदम ओरडा झाला:
ओडीऽऽ!
गल्लीच्या खिडक्या उघडल्या.
सतरा पोरं. बसचे पैसे कुणी दिले, देव जाणे.
मी पिठाचे हात घेऊन उठले
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ओडिनी.

सतरा जोड चपला, त्यातली एक दोन्ही डावी.
पोरं जिन्यावर रांगेनं बसली.
वर जायची परवानगी नव्हती,
तर खालूनच साताचा पाढा सुरू झाला.
सात अट्ठे, म्हणून सगळ्यात लहानी थांबली
आणि म्हणाली, चौवन.
चुकून की मुद्दाम, तिलाच ठाऊक.
वरून, रजईतून, घोगरा आवाज आला:
छप्पन!

अजून पाच महिने आहे ती.
परवा हे फिरून आले
तर बेल वाजली नाही.
जाळीतून दिसले, दाराशी उभे.
घसा खाकरला. पुन्हा खाकरला.
मी आतून काही बोलले नाही.
म्हणू दे की.